गावच्या लेकींची गाडी

बोरखडी, जि. परभणी
२१ डिसेंबर १९९३

लिंबाजी,

येलदरीच्या कॉलनीच्या पत्त्यावर तुला मी पहिल्यांदाच लिहितोय. दर महिन्या-दोन महिन्यांनी तू गावात येतोस, आपण बसतो, चहा होतो, म्हणून कधी कागदाची गरज पडली नाही. परवा रविवारी तू घरी येऊन गेलास आणि आपली भेट झाली नाही. मी अंघोळीला बसलो होतो. पाणी जरा जास्तच कडक होतं, वेळ लागला. बाहेर येऊन पाहतो तर तू गेलेला आणि गाडीच्या बॉनेटवर सुपारी.

तू नर्मदेला म्हणालास म्हणे, "आमच्यात सुपारी न्हाई वैनी, पर गाडीची रीत हाय गावाची, म्हून ठिवली." हे तिनं मला त्याच दिवशी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

रीत कशी पडली ते तू पाहिलंच आहेस. आमच्या आबासाहेबांनी ही अँबॅसिडर आणली त्याच साली कुणाच्या तरी लेकीच्या लग्नात नवरदेवाचा घोडा बिथरला आणि नवरदेव वेशीत पडला. आबासाहेब म्हणाले, गावच्या लेकीचा नवरदेव असा येणार न्हाई, गाडी न्या. तेव्हापासून मराठ्याचा असो, माळ्याचा, धनगराचा, मोमीनाचा, जो कोणी गावची लेक न्यायला येतो तो वेशीपासून मांडवापर्यंत आमच्या गाडीतून जातो. पोरीचा बाप तोंडानं काही मागत नाही. बॉनेटवर सुपारी ठेवतो. मालकानं ती उचलली की गाडी ठरली. गाडीला गावात कुणी अँबॅसिडर म्हणत नाही, लेकीची गाडी म्हणतात. हे तुला कशाला सांगत बसलो, तू ह्याच गावचा. सांगायचं होतं ते वेगळंच.

गाडी आता थकली आहे. तिसरा गिअर आपोआप सुटतो, चढाला धूर सोडते आणि पेट्रोल तर पाण्यासारखं पिते. पुण्याहून आमच्या पोराचा, नागनाथचा, घोशा चाललाय की दादा, तो डबा काढा आणि मारुती घ्या. छोटी नव्हे, ती डिकीवाली, हजारची. आत बसलं की बाहेरचा आवाज येत नाही म्हणतो. मला बाहेरचा आवाज न आलेला चालेल का, हा वेगळा प्रश्न. इकडे परभणीचा मिस्तरी म्हणतो, मालक, गाडी बदलू नका, हिला दुसरी टाकी बसवून देतो. पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की नळ फिरवायचा आणि पुढं रॉकेलवर पळवायची. एका गाडीत दोन गाड्या. आबासाहेबांच्या वेळेपासूनची कंपनी सोडायला जीव होत नाही, आणि धुरात बसून फिरायचं वयही राहिलं नाही.

तू डोकं शांत ठेवून विचार करणारा माणूस. सेलूच्या शाळेत मास्तर गणित घालायचे तेव्हाही मी तुझ्याच पाटीकडे बघायचो. तेव्हा सांग, काय करू?

सुपारीचं म्हणशील तर, गाडीचंच नक्की नाही तिथे शब्द कसा द्यायचा. सुलाचं लग्न वीस फेब्रुवारीला आहे, अजून अवकाश आहे. सुपारी जिथे ठेवलीस तिथेच आहे. मी तिला हात लावलेला नाही. म्हणजे नाही म्हटलेलं नाही, एवढं लक्षात घे.

तुझा,
दिनकर


बोरखडी
८ जानेवारी १९९४

लिंबाजी,

तुझं पत्र मिळालं. "तू गाडीचं विचारलंस, म्हणून गाडीचंच लिहितो," असं तू लिहिलंस आणि खरोखरच दोन पानं गाडीचंच लिहिलंस. कॉलनीतल्या साहेबांच्या मारुतीत बसून धरणापर्यंत जाऊन आलास, हेही लिहिलंस. देवगाव फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता खराब, ती गाडी बुटकी, पोट घासेल. अँबॅसिडरला गिअरबॉक्स नवा घाल, आणखी दहा वर्षं बघायला नको. रॉकेलच्या नादाला लागू नकोस, इंजिनाची वाट लागते आणि पोलिसानं धरलं तर अब्रू जाते. सगळं पटलं. पत्र उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. मागे कोरंच होतं.

तुझा सल्ला मानला. रॉकेलचा विचार सोडून दिला.

सुपारी आता बॉनेटवर नाही. आठ-दहा दिवस ती तिथेच होती. दवानं भिजायची, उन्हानं वाळायची. गाडी बाहेर काढावी तर सुपारीला हात लावावा लागेल, म्हणून मी गाडीच काढली नाही, सेलूला दोनदा एस.टी.नं जाऊन आलो. शेवटी एका सकाळी नर्मदेनं ती उचलली आणि देवघरात नेऊन ठेवली. मी म्हणालो, "अगं, सुपारी मालकानं उचलायची असती."

ती म्हणाली, "मालक अजून अंघोळीलाच हायत."

आता गावात ह्याच्यावर खल चाललाय की बाईनं उचलली तर गाडी ठरली म्हणायची की नाही. आमचा बन्सीधर, चुलतभाऊ म्हणून त्याचा मान, परवा येऊन ओसरीवर बसला. पान लावलं, चुना मागितला आणि म्हणाला, "दिनकरराव, गाडी तुमच्या घरची हाय, पर वेस गावाची हाय. त्येंचा नवरदेव कवाच वेशीतून आला न्हाई. त्येंची वस्ती वेशीभाईर, त्येंचा रस्ता वेशीभाईर. लिंबाजी चांगलाच हाय, मी कुटं न्हाई म्हनालोय. पर तुमी गाडी दिली तर उंद्या तुमच्या दारात कार्याला कोन येतंय ते बघा."

मी त्याला काय म्हणालो असेन, हे तुला वाटत असेल. मी म्हणालो, "बघू."

तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस असं विचारणार होतो, पण मग लक्षात आलं की तुला माझ्या जागी कुणी बसूच दिलं नसतं. हे वाक्य लिहिलं आणि खोडणार होतो. राहू दे.

अजून काही ठरलेलं नाही. तुझ्या घरी सरजाबाईंना सांग, मनात काही आणू नका.

दिनकर


बोरखडी
१७ जानेवारी १९९४

लिंबाजी,

संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली, तेव्हा तू येलदरीला असशील. इथलं कळवतो. तुमच्या वस्तीत हलगी वाजली, गुलाल उडाला. गावातली दुकानं मात्र दुपारीच खाली आली. फाट्यावर राखीव पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली ती अजून आहे. अठ्ठ्याहत्तर साली जी जाळपोळ झाली ती पुन्हा होते की काय असं क्षणभर वाटलं, पण झालं काही नाही. लोक नुसते गप्प आहेत. ह्या गावाचं गप्प बसणं तुला माहीत आहे.

सणाला वस्तीत आलेल्या सरजाबाई संध्याकाळी आमच्याकडे पेढे घेऊन आल्या. नर्मदेनं त्यांना तिळगूळ दिला, त्यांनी तिला पेढा दिला, दोघी चुलीपाशी बसून हसत होत्या. मग सरजाबाई बाहेर ओसरीवर आल्या आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हणाल्या, "घ्या भाऊजी, त्वांड ग्वाड करा."

बन्सीधर शेजारीच बसला होता.

मी पेढा घेतला. नको म्हणालो नाही. "जेवणावर खातो," म्हणालो आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. सरजाबाईंनी खिशाकडे बघितलं. पदर सावरला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला काढताना नर्मदेला तो सापडला, मुंग्या लागलेला. तिनं तो माझ्या ताटात वाढला. बाजूला भाकरी, वरण, आणि तो पेढा. मी मुंग्या झटकून खाल्ला. ती समोर बसून बघत होती. मग म्हणाली, "मिस्तरी त्या गाडीचं सांगत होता न्हवं, तसंच तुमचं हाय. सुरू व्हता पेट्रोलवर अन् चालता रॉकेलवर."

तीस वर्षांच्या संसारात ती इतकं मोठं वाक्य माझ्याविषयी प्रथमच बोलली. आपल्याच माणसाला आपण असे दिसत असू, तर बाहेरच्यांना काय दिसत असू, ह्या विचारानं मला रात्रभर लाज वाटत राहिली.

आता मूळ मुद्दा. गाडी बदलायचं मी नक्की केलं आहे. मारुतीच घेतोय, डिकीवाली. नागनाथनं पुण्याहून सगळं जमवलं आहे. जुनी गाडी ह्याच महिन्यात द्यावी लागेल, घरात दोन गाड्या ठेवून काय करायचं? तेव्हा फेब्रुवारीत लेकीची गाडी घरात नसेल. हे केवळ योगायोगानं झालं आहे. कृपा करून दुसरा अर्थ काढू नकोस. नवी गाडी बुटकी आहे हे तूच लिहिलं होतंस. हार-तुरे, करवली, नवरदेव, सगळे तिच्यात मावणार नाहीत, शिवाय नव्या गाडीला गर्दीत ओरखडे पडतात.

सुलाच्या नवरदेवासाठी सेलूहून चांगली जीप मी स्वतः ठरवून देतो. जीप फाट्याहून वस्तीला येणाऱ्या बाहेरच्या रस्त्यानं थेट मांडवात येईल. सगळ्यांच्याच सोयीचं होईल.

दिनकर


बोरखडी
६ फेब्रुवारी १९९४

लिंबाजी,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. वरती तू "सप्रेम जय भीम" लिहिलंस. मागच्या पत्रात तू नमस्कार लिहिला होतास, मी ते तुझं सौजन्य समजलो होतो. खाली लिहिलंस, "दिनकरराव, जीप नको. गाडीची सोय झाली आहे. नवरदेव वेशीतूनच येईल, पोलिसांची रीतसर परवानगी घेतली आहे. तुमच्यावर कोणताही भार नाही." तुमच्यावर हा शब्द मी पुनःपुन्हा वाचला. नदीत पोहताना मला केसाला धरून बाहेर काढलं होतंस तेव्हा काय शिव्या दिल्या होत्यास, त्या मला अजून पाठ आहेत. त्या शिव्या परवडल्या.

गाडी गेली. एका दलालानं गिऱ्हाईक आणलं आणि सकाळी बघितली ती दुपारी घेऊन गेला. गावातनं जाताना पोरं मागे पळत होती. नर्मदा दारात आली नाही.

नवी गाडी आली आहे. रंग करडा. आत बसलं की खरंच बाहेरचा आवाज येत नाही. खिडकीची काच खाली करायची गरज पडत नाही, कारण बाहेरून मला कुणी हाक मारत नाही. बन्सीधरनं तेवढा नारळ फोडला, पुढच्या सीटवर बसून पारापर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला, "झ्याक केलं. साप बी मेला अन् काठी बी न्हाई मोडली." मी गाडी परत दारात आणून लावली. त्यानं मला जे शाबासकी म्हणून दिलं, ते मला आरशात बघितल्यासारखं वाटलं. नर्मदा अजून गाडीत बसलेली नाही. परवा मी तिला म्हणालो, चल, सेलूच्या बाजाराला गाडीनं जाऊ. ती पिशवी घेऊन फाट्यापर्यंत चालत गेली आणि एस.टी.त बसली. मी मागून गाडी घेऊन गेलो आणि फाट्यावरून परत आलो.

एक गोष्ट तुला कळली असेलच, मला आज कळली. आमची गाडी घेणारा माणूस पिंगळीचा. स्टेशनवरून भाडं मारतो. आणि तुम्ही सुलाच्या लग्नाला पिंगळीच्या स्टेशनवरची पांढरी अँबॅसिडर ठरवली आहे. म्हणजे मी गाडी विकून टाकली आणि ती तुमच्याच मांडवाला निघाली. हे ऐकून मी हसलो. नर्मदेला सांगितलं, तीही हसली, पण आम्ही एकाच गोष्टीला हसत नव्हतो.

त्या पिंगळीवाल्याला गाडीच्या एक-दोन बारीक गोष्टी सांगायच्या राहून गेल्या. सवडीनं सांगेन. तुझं कार्य व्यवस्थित पार पडो.

दिनकर


बोरखडी
२३ फेब्रुवारी १९९४

लिंबाजी,

चि. सुलाचं लग्न चांगलं झालं असं ऐकलं. नर्मदा येऊन गेली, ते तुला ठाऊकच आहे. मला यायचं होतं, पण त्या दिवशी कामानिमित्त मी गावात नव्हतो. परभणीला जावं लागलं. उशिरा परत आलो तोवर सगळं उरकलं होतं. गाडीनं वाटेत थोडा त्रास दिला असं कानावर आलं. जुन्या गाडीचं असंच असतं.

जावईबापूंना आशीर्वाद. नवी गाडी छान चालली आहे.

दिनकर


बोरखडी
६ मार्च १९९४

लिंबाजी,

तुझं कार्ड आलं. एवढंच: "त्या दिवशी तुम्ही गावात नव्हता, हेच मी सर्वांना सांगितलं आहे. काळजी नसावी." खाली सही.

कार्ड आणून दिलं तेव्हा पोस्टमननं ते वाचलेलं असणार. त्याला ते साधंच वाटलं असेल. मी ते घेऊन मागच्या परसात गेलो आणि गोठ्यात बसून राहिलो. तीन दिवस झाले, आज लिहितोय. आता जे लिहितो ते तुला सगळं ठाऊक आहे, एक गोष्ट सोडून. तरीही सगळं लिहितो.

वीस तारखेला मी जेवून पारावर जाऊन बसलो. बन्सीधर होता, आणखी सात-आठ जण होते. कुणी काही करणार नव्हतं, फाट्यावर पोलीस होते. नुसतं बघायचं होतं. मीही मनाशी तेच म्हणालो, नुसतं बघू. वेशीच्या पलीकडे बँड वाजायला लागला. मग आपली गाडी वेशीतून आत आली. तिला झेंडूच्या माळा, बॉनेटवर निळा झेंडा. तिच्या मागे तुमची सगळी वस्ती, पांढऱ्या कपड्यांत, आणि बायकांमध्ये सरजाबाईंच्या शेजारी नर्मदा, नागनाथच्या लग्नातलं लुगडं नेसून. ती मला सांगून गेली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.

तुझा चेहरा मी बघत होतो. तू गाडीच्या बाजूनं चालत होतास आणि वेशीच्या कमानीकडे मान वर करून एकदा बघितलंस. तेवढंच. मला वाटलं, आता उठावं आणि त्याच्याबरोबर चालावं. खरंच वाटलं. पाय मात्र पारावरून तसेच लोंबकळत राहिले.

आणि वेस आणि पार ह्यांच्या मध्ये गाडी बंद पडली.

तुला जी गोष्ट ठाऊक नाही ती ही. मी तुला लिहिलं होतं, रॉकेलचा विचार सोडला. सोडला नव्हता. नर्मदेनं सुपारी उचलल्यावर, तुझं पत्र यायच्या आधीच परभणीला जाऊन दुसरी टाकी बसवून घेतली होती. डिकीत, स्टेपनीच्या मागे. तिचा नळ ड्रायव्हरच्या सीटखाली, डाव्या पायाच्या मागच्या बाजूला. तुला खोटं लिहिलं, कारण तू नको म्हणाला होतास. विकताना पिंगळीवाल्यालाही सांगितलं नाही, कारण रॉकेलवर चाललेली गाडी म्हटलं की गिऱ्हाईक मागे सरतं आणि मला गाडी वीस तारखेच्या आत घालवायची होती. ती टाकी रिकामी होती. त्या दिवशी पुढच्या सीटवर चौघे दाटीवाटीनं बसले होते, कुणाचा तरी पाय त्या नळाला लागला आणि तो फिरला. टाकीत पेट्रोल भरपूर, पण इंजिनापर्यंत थेंब जात नव्हता. ड्रायव्हर बटण मारत राहिला. बॉनेट उघडलं, तारा हलवल्या, फुंकर मारली. पारावर लोक हसायला लागले. बन्सीधर मोठ्यानं म्हणाला, "लेकीच्या गाडीला कळतंय, लेक कुनाची हाय ते."

मी हसलो नाही. पण त्याला गप्पही बसवलं नाही.

गाडी का बंद पडली हे सबंध रस्त्यात फक्त मला माहीत होतं. उतरून वीस पावलं जायचं, सीटखाली हात घालायचा, नळ फिरवायचा. काही बोलायचीही गरज नव्हती.

ड्रायव्हर पिंगळीवाल्यानं ठेवलेला, मला ओळखत नव्हता. त्यानं वर बघून ओरडून विचारलं, "ह्या गाडीचा जुना मालक ह्याच गावचा हाय न्हवं? बोलवा की त्येस्नी. काई तरी खोड असंल गाडीची, त्येस्नीच म्हाईत असंल."

बँड थांबलेला होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. तू पाराकडे बघितलंस. आपली नजरानजर झाली, लिंबाजी. मी तुझ्याकडे बघत होतो आणि तू माझ्याकडे, हे तू विसरायला तयार असलास तरी मी नाही. मी मान खाली घातली. आणि तुझा आवाज आला, "न्हाईत ते. आज गावात न्हाईत. चला, ढकला."

नर्मदा तुझ्या बाजूलाच उभी होती. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. पदर खोचला आणि तुमच्या बायकांबरोबर तिनं गाडीच्या मागे हात लावला. जावईबापू उतरायला निघाले तर तू त्यांना दंडाला धरून परत बसवलंस. बँड पुन्हा वाजायला लागला. गाडी हातांनीच चालली. पाराला अगदी लागून गेली. वाट अरुंद होती म्हणून मी पारावरून लोंबकळणारे पाय वर घेतले. तुम्हाला जायला जागा व्हावी म्हणून मी त्या दिवशी एवढंच केलं.

तीन दिवसांनी मी तुला ते पत्र लिहायला बसलो की मी गावात नव्हतो. परभणीचं नाव घातलं, काम घातलं. तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि मी ते तुझ्याकडून उसनं घेऊन तुलाच पाठवलं. इतकी वर्षं जमीनजुमला सांभाळला, पंचायतीत बसलो, लोकांचे न्याय केले. असं पत्र लिहिणारा माणूस मी असेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

पिंगळीला जाऊन आलो. ड्रायव्हरला नळ दाखवला. त्यानं हात घालून तो दोनदा फिरवून पाहिला. म्हणाला, "तुमी व्हता तर गावात?" मी म्हणालो, हो. तो गाडी सुरू करून निघाला. नळ काढून टाकायला मिस्तरीकडे गेला.

घरात नर्मदा नेहमीसारखी वागते. जेवायला वाढते, औषध देते. फक्त कुणी दारात येऊन हाक मारली की आतून सांगते, "मालक न्हाईत." मी ओसरीवर बसलेलो असलो तरी सांगते. आलेला माणूस माझ्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो, आणि जातो. मी तिला ते थांबव म्हणालेलो नाही. नव्या गाडीच्या बॉनेटवर अजून कुणी काही ठेवलेलं नाही. बन्सीधरच्या पुतणीचं लग्न आलंय. त्यानंही पिंगळीला निरोप धाडला आहे.

तुझी माफी मागावी असं किती वेळा लिहायला घेतलं, पण माफी मागणं म्हणजे पुन्हा तुझ्यावरच काम टाकणं. तू पुन्हा काहीतरी सभ्यपणाचं चार ओळींत लिहिशील आणि मी ते कार्ड परसात नेऊन वाचेन. तेव्हा उत्तर पाठवू नकोस. सुलाला मात्र कळव की तिच्या लग्नात गाडी गाडीच्या दोषानं बंद पडली नव्हती.

एकच विचारायचं होतं, तेही आता विचारत नाही. लोक म्हणतील लिंबाजीनं माझी अब्रू राखली. मलाही आधी तसंच वाटलं. पण इतके दिवस मी तो क्षण घोळवतोय आणि मला दुसरंच दिसतंय. तुला हाक मारता आली असती. "दिनकर, ये खाली," एवढंच. तू हाक मारली नाहीस, कारण मी उठणार नाही हे तुला माहीत होतं, आणि लेकीच्या लग्नाच्या दिवशी तुला ते सगळ्यांसमोर बघायचं नव्हतं.

मी उठलो असतो, असं इथे लिहिता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

दिनकर